लाल भोपळ्याचा मऊसूत मॅश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका काय प्रकार आहे? आपल्या भोपळ्याच्या भरितापेक्षा वेगळा कसा?

लाल भोपळा भाजायचा किंवा वाफवायचा, घोटायचा, त्यातलं पाणी आटवायचं, मग लोणी, साय, मिरपूड आणि जायफळ घालून गरम गरम वाढायचा. एवढंच आहे. अमेरिकेत आणि युरोपात थंडीच्या दिवसांत भाजलेल्या कोंबडीशेजारी बटाट्याच्या मॅशऐवजी हा असतो. आपल्या भरितात गार दही, हिंग-मोहरीची फोडणी, दाण्याचं कूट असतं आणि ते जरा सैल झालं तरी कुणी नावं ठेवत नाही. मॅश मात्र सैल झाला की त्याची खीर होते. ताटात त्याला जागा द्यायची झाली तर डावीकडे, भरिताच्याच जागी.

मुंबईत कुठला भोपळा घ्यायचा?

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे जो मोठा, खाचा असलेला लाल भोपळा कापून ठेवलेला असतो, तोच. तो बाराही महिने मिळतो आणि कापलेला असल्यामुळे आतला रंग दिसतो, हा मोठाच फायदा. गर गडद केशरी हवा. फिकट पिवळा असेल तर भोपळा कोवळा उतरवलेला आहे, तो पाणी फार सोडतो आणि गोडीही कमी असते. गराची जाडी बघा, बिया भरलेल्या आहेत का ते बघा. कापलेला भाग बोटाला कोरडा लागला पाहिजे. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फोड असेल आणि आतून पाण्याचे थेंब साचले असतील तर ती सोडून द्या. पावसाळ्यात अशी फोड संध्याकाळपर्यंत बुळबुळीत होते. भाजीवाल्याला समोर नवा काप काढून द्यायला सांगावं, तो देतो.

अख्खा घ्यायचा तर दीड-दोन किलोचा छोटा बघा. काही ठिकाणी तो ‘डिस्को’ नावाने मिळतो. देठ वाळलेला, साल इतकी टणक की नख रुतू नये, आणि हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. अख्खा भोपळा स्वयंपाकघरात कोरड्या, हवेशीर जागी आठवडेच्या आठवडे राहतो. कापलेला मात्र बिया आणि मधले धागे काढून, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांच्या आत संपवा. बुरशी येते ती नेहमी बियांच्या पोकळीतूनच.

बटरनट हा परदेशी भोपळा आणावा का? तो महाग असतो.

क्रॉफर्ड मार्केटात परदेशी भाज्यांच्या गाळ्यांवर, वांद्र्याच्या पाली मार्केटात आणि घरपोच भाजी देणाऱ्या अ‍ॅपवर तो मिळतो. चव दाट, किंचित सुक्यामेव्यासारखी, धागे जवळजवळ नाहीत. मॅश सोपा होतो, यात वाद नाही. पण तो आपल्या लाल भोपळ्याच्या जवळच्याच नात्यातला आहे, आणि दुप्पट-तिप्पट पैसे देण्याइतका फरक मला वाटत नाही. पाहुणे येणार असतील आणि वेळ कमी असेल तर आणा. रोजच्यासाठी लाल भोपळा आणि दहा मिनिटं जास्त.

बटरनट सोलताना हाताला आधी थोडं तेल चोळा. त्याचा चीक वाळला की तळव्यावर पापुद्रा धरतो, कातडी ओढल्यासारखी वाटते आणि साबणानेही तो लवकर जात नाही.

चार जणांसाठी प्रमाण सांगा.

एक किलो भोपळा आणलात की साल-बिया जाऊन साधारण पाऊण किलो फोडी उरतात आणि पाणी आटवल्यावर मॅश होतो अर्ध्या किलोच्या आसपास. त्याला दोन मोठे चमचे लोणी, तीन मोठे चमचे साय किंवा फ्रेश क्रीम, पाऊण छोटा चमचा मीठ, अर्धा छोटा चमचा ताजी कुटलेली मिरपूड आणि चिमूटभर किसलेलं जायफळ. शेवटी लिंबाचे चार-पाच थेंब. मीठ अगदी शेवटीच घाला, कारण आटता आटता मॅश कमी होतो आणि आधी बरोबर वाटलेलं मीठ नंतर जास्त होतं. विकतचं पिवळं लोणी खारं असतं, ते वापरत असाल तर मीठ निम्म्यावर आणा.

माझा मॅश दर वेळी पाणचट होतो. साय वाढवली तरी दाटपणा येत नाही. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि उत्तर सायीत नाही, पाण्यात आहे. कच्च्या लाल भोपळ्यात दर 100 ग्रॅममागे 90 ग्रॅमपेक्षा जास्त पाणी असतं. बटरनटमध्ये ते साधारण 86, बटाट्यात 79. बटाट्यात पिठूळपणाही भरपूर असल्यामुळे तो उरलेलं पाणी धरून ठेवतो. भोपळ्याकडे तेवढा पिठूळपणा नाही. म्हणून बटाट्याची कृती जशीच्या तशी भोपळ्याला लावली की ताटात केशरी पाणी ओघळतं, आणि त्यात साय घातली की पाणी आणखी वाढतं, कारण सायीतही पाणी असतंच.

तेव्हा पहिली गोष्ट: फोडी पाण्यात बुडवून उकडू नका. गोडी पाण्यात उतरते, पाणी फोडीत शिरतं, दोन्हीकडून नुकसान. वाफवा किंवा भाजा.

दुसरी: शिजलेला भोपळा चाळणीत टाकून दहा मिनिटं निथळू द्या. खाली जे पाणी जमतं ते फेकू नका, आमटीत घाला किंवा त्यात कणीक भिजवा.

तिसरी आणि खरी महत्त्वाची: घोटलेला भोपळा जाड बुडाच्या, पसरट कढईत घालून मध्यम आचेवर आटवा. आत्ता लोणी नको, साय नको, काही नको. नुसता भोपळा. सुरुवातीला तो फदफदतो आणि उडतो, म्हणून लांब दांड्याचं उलथनं घ्या, बाह्या खाली ओढा. तीन-चार मिनिटांनी आवाज बदलतो, फदफद थांबून बारीक चरचर ऐकू येते. रंग केशरीकडून विटकरीकडे सरकतो. कडेला पातळ थर धरायला लागतो, तो खरवडून परत आत घ्यायचा, चव त्या थरातच असते. उलथन्याने मधून रेघ ओढली आणि कढईचा तळ क्षणभर तसाच दिसत राहिला, भोपळा लगेच परत मिळून आला नाही, की झालं. पुरणात उलथनं उभं राहतं का ते आपण बघतो, तसंच इथे बघा. अगदी ताठ नाही, पण सावकाश कलंडलं पाहिजे. लाल भोपळ्याला याला आठ-दहा मिनिटं लागतात, बटरनटला चार-पाच.

इतकं आटवलं की दोन चमचे लोणीसुद्धा भरपूर वाटतं. न आटवता पाव किलो क्रीम घातलं तरी भोपळ्याचं सूपच होणार.

ओव्हन नसेल तर?

मुंबईतल्या बहुतेक स्वयंपाकघरांत ओव्हन नाही, आणि ओट्यावर ओटीजी ठेवायला जागाही नाही. कुकरमध्ये उत्तम होतो. साल काढून दोन-अडीच इंचांच्या फोडी करा, कुकरच्या भांड्यात पाणी न घालता ठेवा, वर झाकणी घाला. झाकणी विसरू नका, नाहीतर कुकरच्या झाकणावरची वाफ थेंब थेंब भांड्यात पडत राहते. कुकरच्या तळाशी नेहमीसारखं पाणी, मध्यम आचेवर दोन शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरू द्या.

मायक्रोवेव्हमध्ये अर्धा किलो फोडी काचेच्या भांड्यात, झाकून, सात-आठ मिनिटं. मध्ये एकदा हलवा. एअर फ्रायर असेल तर फोडींना तेलाचा हात लावून 180 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं.

कढईतही होतो. चमचाभर तूप, वर फोडी, झाकण, मंद आच, अधूनमधून परतणं. फोडी तळाला लागून जरा जरा करपल्यासारख्या झाल्या तर बिघडत नाही, उलट बरं.

वांग्यासारखा थेट गॅसवर भाजायचा मोह होतो, पण फोड जाड असते. वरून काळी, आतून कच्ची.

आणि ओव्हन असेल तर?

मग भाजाच. चव फार वेगळी येते, कारण बरंचसं पाणी तिथेच उडतं आणि कडांवरची साखर तांबूस होते. 200 अंशांवर दहा मिनिटं आधी तापवून घ्या. बटरनटचे उभे दोन भाग किंवा लाल भोपळ्याच्या सालीसकट मोठ्या फोडी, बिया काढून, तेल लावून, गराची बाजू ट्रेकडे करून ठेवा. चाळीस ते पन्नास मिनिटं. सुरीचं टोक विनासायास आरपार गेलं पाहिजे. गार झाल्यावर गर चमच्याने सुटतो, सोलायची कटकटच नाही. भाजलेल्या भोपळ्यालाही कढईत तीन-चार मिनिटं द्या.

भोपळा कापायलाच जमत नाही. काही युक्ती?

भाजीवाल्याकडूनच फोडी करून आणा, यात कमीपणा काही नाही. घरी कापायचा झाला तर ओल्या फडक्यावर पाट ठेवा म्हणजे तो सरकणार नाही, आणि भोपळ्याची सपाट बाजू खाली. अख्खा बटरनट काट्याने सात-आठ ठिकाणी टोचून दोन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवला की साल नरम पडते. विळीची सवय असेल तर विळीसारखं दुसरं काही नाही.

मॅशर, मिक्सर की पुरणयंत्र?

पावभाजीचा मॅशर घरात असतोच. त्याने जरा दाणेदार मॅश होतो आणि मला तसाच आवडतो. एकदम गुळगुळीत हवा असेल तर मिक्सर चालतो. बटाटा मिक्सरमधून काढला की चिकट लगदा होतो, तसं भोपळ्याचं होत नाही, कारण तो पिठूळ नाही. पण बटाटा मिसळणार असाल तर तो वेगळा हाताने घोटा आणि मग एकत्र करा.

भोपळा रेषाळ निघाला तर मात्र पुरणयंत्राशिवाय उपाय नाही. मिक्सरमध्ये रेषा तुटतात, जात नाहीत, जिभेला लागतातच. पुरणाच्या जाळीवर त्या मागे राहतात. होळीनंतर माळ्यावर गेलेलं यंत्र त्यासाठी खाली काढायला हरकत नाही.

साय, फ्रेश क्रीम, दूध की दही?

घरची साय सगळ्यात छान, पण ती आधी वाटीत चमच्याने चांगली फेटा, नाहीतर मॅशमध्ये पांढऱ्या गाठी दिसतात. दोन-तीन दिवसांची, आंबूस वास येणारी साय विरजणासाठी ठेवा, इथे नको. विकतचं फ्रेश क्रीम, ज्यात साधारण 25 टक्के स्निग्धांश असतो, तेही चालतं. दोन्ही गॅस बंद केल्यावर घाला.

दूध घालू नका. इतका वेळ उभं राहून पाणी आटवलं ते परत कशाला ओतायचं?

आंबटसर चव हवी असेल तर चक्का. नुसतं दही घातलंत तर ते भरीत झालं. तेही चांगलंच लागतं, पण मग फोडणीही करा.

जायफळाऐवजी दुसरं काय घालता येईल?

पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी यांमुळे जायफळ घरात असतंच, म्हणून आधी तेच वापरा. किसणीवर तीन-चार घासे पुरे. जास्त झालं की कडवट औषधी चव येते आणि ती काढता येत नाही. तयार पूड घेऊ नका, तिला वासच नसतो.

पाश्चात्य कृतींमध्ये लोणी तांबूस होईपर्यंत कढवून त्यात सेज नावाच्या सुगंधी वनस्पतीची पानं तळतात. सेज शोधत फिरण्यापेक्षा कढीपत्ता घ्या. पांढरं लोणी छोट्या कढईत कढवायला ठेवा. तूप कढवताना बेरी गुलाबी व्हायला लागते, त्या क्षणी गॅस बंद करून सात-आठ कढीपत्त्याची पानं आणि एक सुकी मिरची टाका. पानं कुरकुरीत होतात. बेरीसकट हे सगळं मॅशवर ओता. बेरी गाळू नका. माझ्या मते हा या पदार्थाचा सगळ्यात चांगला अवतार आहे, मग जायफळही लागत नाही.

दालचिनी, गूळ, मध वगैरे घालून गोड करणारेही आहेत. भोपळा मुळात गोड असतो. अजून गोड करायचा असेल तर सरळ घारगे करा.

लसूण घालायचा का?

घालायचा असेल तर भाजून. चार-पाच पाकळ्या सालीसकट तव्यावर मंद आचेवर मऊ होईपर्यंत ठेवा, पिळून गर काढा आणि मॅशमध्ये घोटा. कच्चा लसूण भोपळ्याला गिळून टाकतो.

जैन मंडळींना चालेल का? आणि उपासाला?

भोपळा वेलीवर येतो, कंदमूळ नाही, म्हणून लसूण आणि बटाटा वगळला की जैन पाहुण्यांना वाढता येतो. तरी पर्युषणात आणि तिथीला काय खातात ते घरागणिक वेगळं असतं, विचारलेलं बरं.

उपासाला बऱ्याच घरांत लाल भोपळा चालतो, काहींत नाही. चालत असेल तर तुपात जिरं आणि हिरवी मिरची, सैंधव, थोडं दाण्याचं कूट, वरून साय. गंमत अशी की भोपळा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कंद, ही उपासाच्या ताटातली सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली.

दूध-लोणी चालत नाही. मग?

नारळाचं जाड दूध, पहिलं पिळलेलं. तीन मोठे चमचे. सोबत खोबरेल तेलात कढीपत्ता आणि मोहरी. मिरपूड जरा वाढवा. हा मॅश सुरमईच्या तळलेल्या तुकडीशेजारी लोण्याच्या मॅशपेक्षाही जास्त शोभतो.

भोपळा कडू लागला तर?

फेकून द्या, सगळाच. भोपळा, दुधी, काकडी या वर्गातल्या फळांत कधी कधी कुकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं तयार होतात. ती शिजवून जात नाहीत, आणि त्यांनी उलट्या-जुलाबांचा जोरदार त्रास होऊ शकतो. गूळ किंवा साय घालून कडूपणा झाकायचा प्रयत्न करू नका. शिजवण्याआधी कच्च्या गराचा कपटा जिभेवर ठेवून बघायची आणि कडू लागला तर थुंकून टाकायची सवय ठेवा.

मधुमेह असलेल्यांनी खावा का?

गोड लागतो म्हणून लोक घाबरतात. कच्च्या लाल भोपळ्यात 100 ग्रॅममागे साधारण साडेसहा ग्रॅम कर्बोदकं असतात, बटरनटमध्ये पावणेबारा, बटाट्यात सतरा-साडेसतरा. आटवल्यावर हे आकडे वाढतात, कारण पाणी उडून बाकीचं तसंच राहतं. तेव्हा बटाट्याच्या मॅशपेक्षा हा बरा, पण वाटीभर नव्हे. तुमचं प्रमाण तुमचे डॉक्टर सांगतील.

बाळाला देता येईल का?

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू केलं की नुसता वाफवलेला, गाळलेला भोपळा देता येतो. थोडं तूप घालून. मीठ, साखर नको, आणि वर्षाच्या आत मध अजिबात नको. बाळाचा वाटा लोणी-मिरपूड घालायच्या आधीच काढून ठेवा.

कशाबरोबर वाढायचा?

तिखट आणि कोरड्या पदार्थाशेजारी. कोळंबी फ्राय, चिकन सुकं, तळलेले बोंबील. नाताळात कोंबडी भाजणाऱ्या घरांत तर तो ग्रेव्हीसोबत अगदी चपखल बसतो. शाकाहारी जेवणात भरली मिरची किंवा झणझणीत मटकीची सुकी उसळ. पोळीबरोबर मला फारसा पटत नाही, लादीपाव तव्यावर लोण्यात शेकून घेतलात तर गोष्ट वेगळी. वरण-भाताशेजारी नको, सगळंच मऊ होतं.

पाहुणे उद्या येणार आहेत. आज करून ठेवू का?

आटवण्यापर्यंतचं काम आज करा, गार करून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. लोणी, साय आणि लिंबू उद्या. गरम करताना कढईत थोडं पाणी सुटलेलं दिसेल, ते दोन मिनिटांत जातं. साय न घातलेला मॅश फ्रीझरमध्येही दोन-तीन महिने राहतो. चपट्या पिशव्यांत पातळ थर करून ठेवला की लवकर वितळतो.

ऑफिसच्या डब्यात?

साय वगळून, फक्त लोण्यावर केलेला न्या. सकाळी साडेसातला भरलेला डबा लोकलच्या गर्दीतून दुपारी एकला उघडणार. साय घातलेला पदार्थ मुंबईच्या उकाड्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये.

साली आणि बियांचं काय?

साली धुऊन, बारीक चिरून, थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परता. तीळ, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ घालून कोरडी चटणी वाटा. बिया धागे काढून धुवा, पंख्याखाली वाळवा, मग मंद आचेवर भाजा. ओल्या भाजल्या तर तव्यावरून उडतात.

उरलेल्या मॅशचं काय करता येईल?

फ्रिजमध्ये तीन दिवस. त्यात भाजीचं किंवा कोंबडीचं गरम पाणी घातलं की सूप. पावभाजीत बटाटा कमी करून हा घालता येतो, कुणाला कळतही नाही. लोणी-मीठ न घातलेला बाजूला ठेवला असेल तर गूळ घालून घारगे. लसणीचा उरला तर थालीपीठ: भाजणीत मॅश, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि हिरवी मिरची घाला, पाणी लागलं तरच. मीठ घालताना हात आखडता ठेवा, मॅशमध्ये ते आधीच आहे. आणि तवा नेहमीपेक्षा मंद ठेवा, भोपळ्याच्या गोडीमुळे थालीपीठ लवकर करपतं.